तोंडात अंडी सांभाळणारे सिक्लिड: घरच्या टाकीत 'यलो लॅब'ची पिल्लं कशी वाढवावीत

उजनीच्या पाण्यात सापडणारी, भिगवणच्या बाजारात विकायला येणारी चिलापी आपल्यापैकी अनेकांनी खाल्ली आहे. ही मूळची आफ्रिकेतली. 1952 साली ती भारतात आणली गेली आणि पुढे देशभरातल्या तळ्यांत, धरणांत तिने बस्तान बसवलं. त्यामागचं एक मोठं कारण तिच्या आईपणात आहे. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. अंडी तिथेच उबतात, पिल्लं तिथेच वाढतात, आणि बाहेर पडल्यानंतरही धोका दिसला की काही दिवस परत आईच्या तोंडात शिरतात.

चिलापी ज्या कुळातली, त्या सिक्लिड कुळात पिल्लं सांभाळण्याच्या इतरही तऱ्हा आहेत. गोव्यात आणि कोकणातल्या खाड्यांत मिळणारं कालुंदर हेसुद्धा सिक्लिडच. पण ते अंडी दगडाला किंवा लाकडाला चिकटवतं आणि नर-मादी दोघं मिळून राखण करतात. घरच्या टाकीत पहिल्यांदाच सिक्लिडची पैदास करू पाहणाऱ्याला मात्र मी तोंडात अंडी धरणारी जातच सुचवीन. कारण सरळ आहे. सगळ्यात नाजूक तीन आठवड्यांचं काम मादी स्वतः करते. अंड्यांना बुरशी लागू न देणं, त्यांना सतत ताजं पाणी मिळेल असं बघणं, दुसऱ्या माशांपासून वाचवणं, सगळं ती करते. आपलं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. मधल्या दिवसांत हात टाकीबाहेर ठेवणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि बहुतेकांची पहिली वीण तिथेच वाया जाते.

कोणता मासा घ्यावा

पूर्व आफ्रिकेत मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांना लागून मलावी सरोवर आहे. लांबी साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, खोली सुमारे 700 मीटर. यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. या माशांमुळेच सरोवराच्या दक्षिण भागातल्या राष्ट्रीय उद्यानाला 1984 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. इथल्या जवळपास सर्व सिक्लिड माद्या अंडी तोंडात वाढवतात. किनाऱ्यालगतच्या खडकांत राहणाऱ्या लहान, रंगीत सिक्लिडना म्बुना म्हणतात, आणि आपल्याकडे दुकानांत 'आफ्रिकन सिक्लिड' म्हणून जे मिळतं त्यात बहुतांश हेच असतात.

यातला 'यलो लॅब' किंवा 'इलेक्ट्रिक यलो' नवख्यांसाठी सर्वांत चांगला. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. ज्योफ्री फ्रायर यांनी 1956 साली या जातीचं वर्णन केलं. गंमत अशी, की सरोवरात बऱ्याच ठिकाणी हा मासा पांढरट किंवा निळसर असतो. आपल्या टाक्यांत दिसणारा पिवळाधमक प्रकार वायव्य किनाऱ्यावरच्या लायन्स कोव्ह परिसरातला. पूर्ण वाढलेला मासा 8 ते 10 सेंटीमीटरचा, टाकीत क्वचित थोडा मोठा. म्बुनांच्या मानाने स्वभाव शांत. खाण्याच्या बाबतीत फारसे नखरे नाहीत. आणि सहा-आठ महिन्यांचा झाला की अंडी घालायला तयार.

दुकानात याच्या शेजारीच सोनेरी-काळ्या पट्ट्यांचा ऑराटस असतो. स्वस्त असतो, पिल्लू असताना फार देखणा दिसतो. पैदाशीच्या पहिल्या टाकीत तो घेऊ नका. वाढला की बाकीच्यांना जगू देत नाही. निळ्या पट्ट्यांचा डेमासोनी दिसायला लहान, पण आपापसात इतका भांडतो की त्याचा मोठा थवाच ठेवावा लागतो. तो अनुभव आल्यानंतरचा मासा आहे.

एक गोष्ट इथेच ठामपणे सांगतो, कारण पुढे ती दुरुस्त करता येत नाही. पैदाशीच्या टाकीत म्बुनांची एकच जात ठेवा. मलावीतल्या या जाती एकमेकींच्या फार जवळच्या आहेत आणि टाकीत जोडीदार सापडला नाही तर दुसऱ्या जातीशी सहज जुळतात. यलो लॅब आणि रेड झेब्रा ही दुसरी म्बुना यांचा संकर तर बाजारात इतका पसरला आहे की 'यलो लॅब' म्हणून विकत घेतलेल्या माशांतही तो निघतो. अंगावर राखाडी उभे पट्टे दिसत असतील, पिवळा रंग नारिंगीकडे झुकत असेल, पाठीच्या परावरची काळी पट्टी अर्धवट किंवा पुसट असेल, तर तो मासा टाकीची शोभा म्हणून ठेवायला हरकत नाही, पण त्याची पिल्लं काढू नयेत. 'मिक्स आफ्रिकन' असं लिहिलेल्या टाकीतून पैदाशीसाठी मासा कधीच उचलू नये.

अजून एक मासा टाळा: 'ककू कॅटफिश' या नावाने मिळणारा ठिपक्यांचा सिनोडॉन्टिस. टांगानिका सरोवरातला हा मासा सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना मध्ये घुसतो आणि आपली अंडी त्यांत मिसळतो. मादी ती आपलीच समजून तोंडात घेते. कॅटफिशची पिल्लं आधी बाहेर येतात आणि आईच्या तोंडातच तिची अंडी, पिल्लं खातात. निसर्गातली ही थक्क करणारी गोष्ट आहे, पण आपल्या पैदाशीच्या टाकीत नको.

टाकी

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. याहून मोठी परवडली तर उत्तम, याहून लहान नको. यात काठोकाठ भरलं तर सुमारे 250 लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि काच धरून वजन 300 किलोंच्या वर जातं, म्हणून लोखंडी स्टँड मजबूत हवा, खाली थर्माकोलची शीट हवी, आणि जुन्या इमारतीत खोलीच्या मध्यभागी ठेवण्यापेक्षा भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण मार खाणाऱ्या माशाला पळायला जागा आडवी लागते.

तळाला बारीक वाळू. दगड आधी थेट काचेवर टेकवायचे आणि मग वाळू ओतायची. यलो लॅब वाळू उकरतात. वाळूवर रचलेला ढीग कलंडला तर काच फुटते. दगडांच्या ढिगात लहान-मोठ्या पुष्कळ फटी राहतील असं बघा, कारण तोंड भरलेली मादी इथेच लपते. झाडं लावण्याचा हट्ट नको, फार तर दगडाला बांधलेलं अनुबियास.

वर झाकण हवंच. हे मासे घाबरले की उडी मारतात.

पाणी: इथे वेळ घालवा

मलावीच्या माशांना 'खूप जड पाणी' लागतं असं दुकानात सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सरोवराच्या पाण्यात एकूण कॅल्शियम-मॅग्नेशियम मध्यमच आहे, साधारण 4 ते 6 अंश जर्मन कठीणपणा (पाण्याचा जडपणा मोजायचं एकक). जास्त आहे ती कार्बोनेटची मात्रा, म्हणजे ज्याला टेस्ट किटवर 'केएच' म्हणतात, ती 6 ते 8 अंश. तिच्यामुळे पीएच 7.7 ते 8.6 या पट्ट्यात स्थिर राहतो. आपल्याला साधायचं आहे ते हे स्थैर्य. आज 8.4 आणि पुढच्या आठवड्यात 7.2 अशा पाण्यापेक्षा कायम 7.8 असलेलं पाणी शंभर पटींनी बरं.

आता तुमच्या नळाला काय येतं ते बघा. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. दोन्ही सह्याद्रीच्या पावसाचं, मऊ पाणी, केएच कमी. जांभ्या दगडाच्या कोकणात विहिरीचं पाणी त्याहून मऊ आणि अनेकदा आम्लधर्मी असतं. उलट सोलापूर, मराठवाडा, अहिल्यानगर भागात काळ्या कातळात खोल गेलेल्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं; ज्या पाण्याने गीझरची कॉइल पांढरी होते, बादलीला थर बसतो, त्याच पाण्यात मलावीचे मासे खुशाल राहतात. तिथल्या हौशी लोकांना डिस्कस किंवा टेट्रा या मऊ पाण्यातल्या माशांसाठी जी खटपट करावी लागते, ती इथे लागत नाही. आरओचं पाणी मात्र या टाकीत वापरू नका. त्यात काही शिल्लकच राहिलेलं नसतं.

थेंबांचं टेस्ट किट आणा. पीएच, केएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, एवढ्या पाच गोष्टी मोजता आल्या की पुरे. पाणी मऊ असेल तर दोन उपाय. पहिला, फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा चुरा ठेवायचा. तो हळूहळू विरघळतो आणि पीएच सावरून धरतो. दुसरा, खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, निव्वळ सोडा. 50 लिटर पाण्याला 6 ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, टाकला की केएच सुमारे 4 अंशांनी वाढतो. तो थेट टाकीत टाकू नका. बदलायच्या पाण्यात, बादलीत विरघळवून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी सारखंच पाणी टाकीत जाईल. सोडा मोजून टाकायचा आणि वहीत लिहून ठेवायचा.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, किंवा बाटलीतलं अँटिक्लोरिन वापरल्याशिवाय पाणी ओतू नका.

पीएच जास्त असलेल्या टाकीत अमोनिया फार घातक ठरतो, आणि नवख्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातलं विषारी रूप पीएच 7 ला अगदी थोडं असतं आणि 8.2 ला दहापटीहून जास्त होतं. म्हणजे पीएच 7 च्या टाकीत जेवढ्या अमोनियाने मासे नुसते सुस्त होतील, तेवढ्याने इथे मरतील. म्हणून फिल्टरमध्ये अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंची वसाहत तयार व्हायच्या आधी मासे आणायचेच नाहीत. नव्या टाकीला यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर वेळ बराच कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार.

फिल्टरबद्दल थोडक्यात: एक कॅनिस्टर किंवा ओव्हरहेड फिल्टर, आणि सोबत दोन स्पंज फिल्टर. हे स्पंज पुढे पिल्लांच्या टाकीत कामाला येतील, म्हणून ते पहिल्या दिवसापासून मोठ्या टाकीतच चालू ठेवा.

तापमान 25 ते 27 अंश. विदर्भात मे महिन्यात टाकीचं पाणी 32-33 अंशांवर जातं, तेव्हा झाकण जरा उघडून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून एअर पंप वाढवा. त्या दिवसांत पैदाशीची घाई नको. थंडीत पुणे, नाशिक, नागपूरला हीटर लागतोच. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैनीची वस्तू नाही. त्यावर सगळ्या टाकीचा जीव अवलंबून असतो.

मासे आणणं

जोडी आणू नका. एकच मादी असली की नर तिचाच पाठलाग करत राहतो आणि ती मरते. तीन-चार सेंटीमीटरची आठ ते दहा पिल्लं एकदम आणा आणि टाकीतच वाढू द्या. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, म्हणजे सगळी एकाच आईबापांची निघणार नाहीत. मोठी झाल्यावर एक नर आणि चार-पाच माद्या ठेवायच्या, जादा नर काढून टाकायचे.

नर-मादी ओळखणं यलो लॅबमध्ये अवघड जातं. नर सहसा मोठा, त्याच्या पोटाखालचे आणि शेपटीजवळचे पर जास्त काळे. पण दादागिरी करणारी मादीही काळी होते. खात्री करायची तर ओल्या तळहातावर मासा उलटा धरून पोटाखालची दोन छिद्रं बघायची. दोन्ही साधारण सारखी असतील तर नर. मागचं छिद्र स्पष्ट मोठं असेल तर मादी. मासा सहा सेंटीमीटरचा झाल्याशिवाय हे नीट दिसत नाही, आणि पाण्याबाहेर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये.

खाणं

स्पिरुलिना असलेले बारीक पेलेट हे रोजचं अन्न. दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच. निसर्गात यलो लॅब खडकांच्या फटींतले किडे, अळ्या, छोट्या गोगलगाई टिपतो, म्हणून आठवड्यातून एखादवेळ फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) दिली तर माद्या अंड्यावर लवकर येतात. उकडून सोललेला मटार अधूनमधून चालतो.

गुरांचं काळीज, कोंबडीचे तुकडे, गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स कृमी यांतलं काहीही देऊ नका. म्बुनांना 'मलावी ब्लोट' नावाचा आजार होतो. मासा खाणं सोडतो, पोट फुगतं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसते, आणि पोट फुगल्यावर उपचाराला फार वेळ उरत नाही. चुकीचं खाणं, जास्त खाणं आणि घाण पाणी ही त्याची नेहमीची कारणं.

अंडी घालण्याचा दिवस

दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदलत राहिलात आणि मासे धष्टपुष्ट झाले की एक दिवस नराचे काळे पर अधिकच गडद दिसतील. तो एखादा सपाट दगड निवडेल किंवा वाळूत खळगा करेल, तिथून इतरांना हाकलेल आणि मादीसमोर अंग थरथरवेल. तयार झालेली मादी त्याच्यामागे जाते. मग दोघं एकमेकांच्या शेपटीशी तोंड करून गोल फिरू लागतात. मादी दोन-चार अंडी टाकते, लगेच वळते आणि उचलते.

यानंतर जे घडतं ते बघायला मिळालं तर बघाच. बऱ्याच जातींत नराच्या पोटाखालच्या परावर पिवळे गोल ठिपके असतात, थेट अंड्यासारखे. मादी तेही अंडंच समजून तोंडाने टिपायला जाते, त्याच वेळी नर शुक्रद्रव सोडतो आणि ते तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. वोल्फगांग विकलर या जर्मन संशोधकाने 1962 मध्ये या ठिपक्यांचं हे काम प्रथम मांडलं. यलो लॅबच्या पिवळ्या अंगावर ठिपके फिके असतात, पण क्रम तोच.

या वेळी दिवा लावू नका, बंद करू नका, खायला टाकू नका.

तोंड भरलेली मादी

दुसऱ्या दिवशी ओळखू येते. हनुवटीखालचा भाग पिशवीसारखा खाली आलेला असतो, तोंड पूर्ण मिटत नाही, आणि ती अधूनमधून काहीतरी चघळल्यासारखी हालचाल करते. ही हालचाल म्हणजे अंडी फिरवणं. न फिरवलेली अंडी कुजतात. खाणं टाकल्यावर सगळे धावतात आणि ती मागे राहते. त्या दिवसाची तारीख वहीत लिहा; पुढचं सगळं वेळापत्रक या तारखेवर चालतं.

पहिल्यांदा अंडी धरणारी तरुण मादी तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिकामी दिसली तर वाईट वाटून घेऊ नका. ती अंडी गिळून टाकते किंवा टाकून देते. कधी अंडी फळलेलीच नसतात, कधी तिला अजून जमत नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या विणीला बहुतेक माद्या नीट निभावतात. अशा मादीला पकडून, वेगळं करून 'मदत' करण्याचा मोह आवरा.

26-27 अंश तापमानाला आतलं वेळापत्रक साधारण असं: पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातून शेपटी बाहेर येते, दहाव्या दिवसापर्यंत डोळे ठळक दिसू लागतात, पण पोटाला पिवळ्या बलकाची मोठी पिशवी असते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती पिशवी संपते. 21 ते 28 दिवसांच्या दरम्यान आई पिल्लं सोडते. पाणी थंड असेल तर काही दिवस उशिरा. एका विणीत साधारण 10 ते 25 पिल्लं. पहिल्या विणीत पाच-सहाही असतात. चिलापीच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण पिल्लू बाहेर येतं ते जवळपास एक सेंटीमीटरचं, पोहणारं आणि खाणारं.

वेगळी कधी करायची

तीन मार्ग आहेत. पहिला, काहीच न करणं. दगडांच्या फटी भरपूर असतील तर मोठ्या टाकीतही दर विणीतली दोन-चार पिल्लं जगतात. ज्यांना पिल्लं विकायची नाहीत, फक्त आपला कळप टिकवायचा आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा असं माझं मत आहे.

दुसरा, आणि मी सगळ्या नवख्यांना सुचवतो तो, म्हणजे सोळाव्या ते अठराव्या दिवशी मादीला पिल्लांच्या टाकीत हलवणं. त्याआधी हलवली तर घाबरून अंडी टाकण्याची शक्यता जास्त, आणि अर्धवट वाढलेली पिल्लं स्वतः जगू शकत नाहीत. शिवाय फार दिवस कळपाबाहेर राहिलेल्या मादीची कळपातली जागा जाते आणि परतल्यावर तिला मार खावा लागतो.

हलवायचं ते रात्री. दिवे बंद झाल्यावर तासाभराने मासे सुस्त असतात. जाळीने पाठलाग करू नका. पाण्याखालीच प्लास्टिकचा पारदर्शक डबा तिच्यासमोर धरा, दुसऱ्या हाताने किंवा काठीने हळूच तिला आत वळवा आणि पाण्यासकट उचला. त्यासाठी संध्याकाळीच एक-दोन दगड काढून ठेवलेले बरे. पिल्लांच्या टाकीत पाणी मोठ्या टाकीतलंच असावं, तापमान तेच असावं. दुकानात मिळणारे काचेला लटकवायचे जाळीचे छोटे डबे या कामासाठी वापरू नका. मादीला वळायलाही जागा नसते आणि ती त्या घबराटीत पिल्लं टाकते.

तिसरा मार्ग म्हणजे मादीचं तोंड उघडून पिल्लं काढून घेणं, ज्याला 'स्ट्रिपिंग' म्हणतात. व्यावसायिक पैदास करणारे हे सर्रास करतात. ओल्या हातात मादीला डोकं खाली करून भांड्यातल्या पाण्यावर धरायचं, बोथट प्लास्टिकच्या काडीने खालचा जबडा अलगद उघडायचा, आणि ती पिल्लं सोडेपर्यंत तोंड पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवायचं. लिहायला सोपं, पण एक चुकीचा दाब आणि जबडा मोडतो. कुणा जाणत्याच्या शेजारी उभं राहून पाहिल्याशिवाय हे करू नका, आणि अठराव्या दिवसाआधी तर नकोच. मादी आजारी असेल, फार खंगली असेल किंवा पिल्लं सोडायची वेळ उलटून गेली असेल, तरच याची खरी गरज पडते.

पिल्लांची टाकी

दोन फूट लांब, एक-एक फूट रुंद-उंच टाकी पुरते, साधारण 55 लिटर. तळ मोकळा, म्हणजे साफ करता येतो. मातीच्या कुंडीचा तुकडा किंवा पीव्हीसी पाइप आईला लपायला. मोठ्या टाकीतला तयार स्पंज फिल्टर इथे आणून लावायचा. पॉवर फिल्टर लावला तर पिल्लं त्यात ओढली जातात.

आईने पिल्लं सोडली की पहिल्या दिवसापासून त्यांना खायला लागतं. सर्वांत उत्तम म्हणजे नुकती बाहेर आलेली आर्टेमिया. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम जाडं, आयोडीन नसलेलं मीठ, खालून हवेचे जोरदार बुडबुडे आणि 26 ते 28 अंश तापमान एवढ्यावर 24 ते 36 तासांत अंडी फुटतात. हवा बंद केली की नारिंगी जीव खाली किंवा उजेडाकडे जमतात आणि कवचं वर तरंगतात. जीव नळीने ओढून, गोड्या पाण्यात धुऊन द्यायचे. कवचं पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नका. हे जमत नसेल तर मोठ्या माशांचे पेलेट बोटांत चुरून अगदी पीठ करा. यलो लॅबची पिल्लं तेही आनंदाने खातात. दिवसातून तीन-चार वेळा, चिमूटभरच.

एवढ्या छोट्या टाकीत इतक्या वेळा खाणं म्हणजे पाणी लवकर बिघडणार. दर दोन दिवसांनी तळ नळीने ओढून 20-25 टक्के पाणी बदला, त्याच केएचचं, त्याच तापमानाचं. पिल्लं मरतात ती बहुतेक उपासाने नाही, उरलेल्या खाण्याने मरतात. पाणी चांगलं राहिलं तर दोन-तीन महिन्यांत पिल्लं अडीच सेंटीमीटरची होतात. त्यांतली वेड्यावाकड्या जबड्याची, मोडक्या पाठीची किंवा राखाडी पट्ट्यांची पिल्लं पैदाशीसाठी बाजूला ठेवू नका.

आईचं काय

तीन आठवडे जवळपास उपाशी राहिलेली मादी पोट खपाटीला गेलेली, डोकं मोठं दिसणारी अशी बाहेर येते. पिल्लं सोडली त्याच दिवशी तिला पुन्हा नराच्या तावडीत देणं हा अन्याय आहे. तो लगेच मागे लागतो आणि तिच्यात पळायचंही बळ नसतं. पिल्लांपासून जाळीने वेगळी करून किंवा तिसऱ्या छोट्या टाकीत तिला आठवडाभर दिवसातून तीनदा थोडं थोडं खाऊ घाला. सुरुवातीचे दोन दिवस अगदी थोडं, कारण इतक्या उपासानंतर भरपेट खाल्लं तर ब्लोट होऊ शकतो. पोट भरलेलं दिसायला लागलं की रात्री, दिवे बंद झाल्यावर, मोठ्या टाकीत सोडा. त्याआधी दोन-तीन दगडांच्या जागा बदला, म्हणजे सगळ्यांनाच आपापली हद्द नव्याने ठरवावी लागते आणि एकट्या परतलेल्या मादीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

धडधाकट मादी दोन महिन्यांत पुन्हा अंडी धरू शकते. एकच मादी सतत धरत असेल तर तिला मधेच एक वीण विश्रांती द्या, म्हणजे महिनाभर नराशिवाय ठेवा.

पिल्लं जास्त झाली तर

चार माद्या आणि तीन-चार विणी म्हणजे वर्षाला दीडशे-दोनशे पिल्लं सहज होतात. ती कुठे जाणार, हे पहिल्या विणीच्या आधी ठरवा. जवळचा दुकानदार तीन सेंटीमीटरची निरोगी पिल्लं बहुधा खाण्याच्या किंवा सामानाच्या बदल्यात घेतो. देताना स्पष्ट सांगा: यलो लॅब, आईबाप कुठून आणले, टाकीत दुसरी म्बुना नव्हती. एखाद्या विणीबद्दल शंका असेल तर तीही सांगा. ज्याच्या हाती तो मासा जाईल तोही उद्या त्याची पिल्लं काढेल.

जागा संपली म्हणून तळ्यात, नदीत, विहिरीत किंवा गणपती विसर्जनाच्या हौदात एकही मासा सोडायचा नाही. गरम हवेच्या आपल्या प्रदेशात आफ्रिकेतला सिक्लिड जगू शकतो, आणि त्याच्यापाठी आपले स्थानिक मासे जातात.

पैदास थांबवायची असेल तर सोपा उपाय आहे. नर दुसऱ्या टाकीत हलवा आणि माद्या एकत्र ठेवा. कधीकधी अशा टाकीतली मादीही अंडी तोंडात धरते, पण ती फळलेली नसतात आणि आठवड्याभरात ती आपणहून सोडून देते. तेवढे दिवस तिच्या अंगावर दुसऱ्या माद्या धावून जात नाहीत ना, एवढं बघा. पुढच्या पिढीसाठी नवा नर आणाल तेव्हा तो दुसऱ्या शहरातून, दुसऱ्या पैदास करणाऱ्याकडून आणा, आणि टाकीत सोडण्याआधी किमान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून त्याची विष्ठा, भूक आणि श्वासाचा वेग तपासा.